तळटिपेतली ओळ

काझीपुऱ्यातल्या शफी टांगेवाल्याची भाची कॉलेजात जाते, ही गोष्ट १९३६ साली नाशकात बऱ्याच जणांना ठाऊक होती. ठाऊक नसून चालणारच नव्हतं. रोज सकाळी साडेदहाला शफीचा टांगा मेनरोडवरून निघायचा, मागच्या बाजूला बुरख्यातली खुर्शीदा पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली असायची, आणि वाटेत कुणी हात केला तर घोड्याची चाल जराही न मोडता शफी ओरडायचा, "आता नाही भाऊ! आमची बाई बी.ए.ला आहे!"

"मामू, रोज रोज सांगायलाच हवं का?" खुर्शीदा आतून म्हणायची.

"मग? चोरी केलीय का आपण?"

खुर्शीदा मूळची मालेगावची. बाप लियाकत मोमीन हातमागावर लुगडी विणायचा. शफीला मूलबाळ नव्हतं, म्हणून ती अकरा वर्षांची असताना त्याने बहिणीकडून तिला मागून आणली आणि मुलींच्या इंग्रजी शाळेत घातली. मोहल्ल्यातल्या लोकांनी चार दिवस तोंडं वाकडी केली. मग ती मॅट्रिक झाली, आणि तीच तोंडं पेढे मागायला आली.

आता ती शेवटच्या वर्षाला होती. अर्थशास्त्र शिकवायला गायधनी सर होते. बारीक अंगाचे, पगडी सोडून काळी टोपी घालू लागलेले आणि विद्यार्थ्याने आळस केला तर रागावण्याऐवजी गप्प बसून घाम फोडणारे. जुलैत त्यांनी वर्गाला सांगितलं, "पाठ्यपुस्तकं सगळेच वाचतात. या वर्षी तुम्ही प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, त्यावरचे मूळ संशोधनाचे लेख वाचायचे, टिपणं काढायची आणि फेब्रुवारीत कॉलेजच्या अर्थशास्त्र मंडळासमोर अर्धा तास बोलायचं."

मुलांनी चलन घेतलं, रेल्वे घेतली, सहकारी पतपेढ्या घेतल्या. खुर्शीदाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "हातमाग."

संशोधनाची त्रैमासिकं घरी न्यायला मनाई होती. लायब्ररीचे यादव कपाटातून एकेक जाड बांधलेला खंड काढून तिच्या टेबलावर आणून ठेवत आणि जाताना हळूच बजावत, "पानं दुमडू नका हं, बाई." पहिलाच लेख चोवीस पानांचा निघाला. अर्धं पान मजकूर, अर्धं पान बारीक टायपातल्या तळटिपा, आणि मध्येच आकड्यांचे तक्ते. अशी इंग्रजी तिने आजवर पाहिली नव्हती. एकेक वाक्य इतकं लांब, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. सगळं डोक्यावरून गेलं. मग तिने एक उपाय केला: लेख अथपासून इतिपर्यंत उतरवून काढला. सहा दिवस लागले. बोट सुजलं, पण शंभरपानी वही भरत आली, आणि ती वही छातीशी धरून ती गायधनी सरांच्या खोलीत गेली.

सरांनी पानं चाळली. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले आणि वही मिटून खणात ठेवली. "आता सांगा. या लेखकाचं म्हणणं काय?"

खुर्शीदाने लेखातलं पहिलं वाक्य इंग्रजीत घडाघडा म्हटलं.

"ते त्याचं वाक्य. तुमचं सांगा. इंग्रजी राहू द्या. तुम्ही घरी बोलता त्या भाषेत सांगा. तुमच्या मामूंना समजेल असं."

सहा दिवस त्या लेखाशी झटून तिला त्यातलं एक वाक्यसुद्धा मामूला सांगता येणार नव्हतं.

सर नेहमीसारखे गप्प बसले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि मधोमध उभी रेघ मारली. "पहिल्यांदा वाचताना हातात लेखणी घ्यायचीच नाही. नुसतं वाचायचं. दुसऱ्यांदा वाचताना खंड मिटायचा आणि डाव्या बाजूला तो काय म्हणतो ते आपल्या शब्दांत लिहायचं. उजवी बाजू तुमची. तिथे तुम्हाला काय पटलं नाही, काय समजलं नाही, ते. आणि जिथे जिथे आकडा दिसेल, तिथे विचारायचं: कुणी मोजलं, कुठे मोजलं, कधी मोजलं? खाली तळटीप असते ती याचसाठी. ती गाळून वाचायची नाही."

त्या दिवसापासून परतीच्या टांग्यात एक नवीनच रिवाज सुरू झाला. खुर्शीदा मामूला लेख सांगायची. पहिल्या दिवशी तिची त्रेधा उडाली. दुसऱ्या दिवशी शफी म्हणाला, "थांब थांब, हे उलगडून सांग." आठवड्याभरात तिला चार वाक्यांत चार पानं सांगता येऊ लागली. शफीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टांगेवाल्याला गिऱ्हाइकाच्या बोलण्यातली गोम कळते. तो मध्येच काहीतरी असं विचारायचा की दुसऱ्या दिवशी खुर्शीदाला तोच लेख पुन्हा काढावा लागायचा.

ऑगस्ट संपता संपता ती तिसऱ्या लेखावर आली. लेखक पुण्याचे एक प्राध्यापक होते आणि त्यांनी मालेगावबद्दल दोन पानं लिहिली होती. आपल्या गावाचं नाव इंग्रजी छापात पाहून तिला हसूच फुटलं. मग पुढचं वाक्य आलं. मालेगावचा एक विणकर दिवसाकाठी एकट्याने एक लुगडं विणतो. घरच्या माणसांचे श्रम त्यात नगण्य असतात.

'नगण्य'साठी जो इंग्रजी शब्द होता तो तिला येत नव्हता. तिने कोश काढला. मोजण्याच्या लायकीचं नसलेलं, असा अर्थ दिला होता.

खुर्शीदाला आठवलं: ओसरीवर अब्बांचा माग, आणि आत, पडद्यामागे, रहाटावर कांड्या भरत बसलेली अम्मा. धोट्यात घालायची सुताची ती कांडी भरायला खुर्शीदा स्वतः सहा वर्षांची असताना शिकली होती. कांड्या संपल्या की ओसरीवरून अब्बांची हाक यायची, आणि हाकेला उत्तर म्हणून अम्माचा हात पडद्याखालून टोपली पुढे सरकवायचा. टोपली आली नाही तर माग थांबायचा.

तिने डाव्या बाजूला लेखकाचं म्हणणं नीट, प्रामाणिकपणे लिहिलं. उजव्या बाजूला एकच शब्द लिहिला: अम्मा?

त्या संध्याकाळी शफीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा साहेब तुझ्या बापाच्या घरी आला होता का?"

"तसं नाही लिहिलेलं, मामू."

"मग कुणाच्या घरी गेला होता?"

दुसऱ्या दिवशी तिने तळटीप पाहिली. पुण्याच्या प्राध्यापकांनी मद्रासच्या एका लेखकाचा आधार दिला होता. यादवांनी तो खंड शोधून आणला. त्या मद्रासकर लेखकाने कलकत्त्याच्या एका लेखाचा आधार दिला होता. कलकत्त्याचा लेख सापडायला चार दिवस गेले, यादव शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ अंगावर घेत राहिले. त्या लेखात आधार होता वीस वर्षांपूर्वीच्या एका सरकारी पाहणीचा. तीन शहाणे लोक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि सगळ्यात पुढचा एका अहवालाकडे बोट दाखवत होता. तो अहवाल नाशकात कुणाकडेच नव्हता.

गायधनी सरांनी मुंबईच्या एका स्नेह्यांना पत्र टाकलं. अहवाल यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे खुर्शीदाने कसे काढले ते तिलाच माहीत. पुडकं आलं त्या दिवशी यादवांनी सुतळी सोडायचा मान तिला दिला.

तक्ता एकशे बाराव्या पानावर होता. शंभर मागांची पाहणी, मालेगाव. आकडे तेच, जे तिन्ही लेखांत होते. आणि तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ: स्त्रिया पडद्यात असल्यामुळे घराच्या आतील काम पाहता आले नाही, सबब ते या तक्त्यात धरलेले नाही.

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग अहवाल तसाच उघडा हातावर धरून ती सरांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेली.

"सर, त्यांनी आतलं पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय. पुढच्या लेखकाने तक्ता उचलला आणि ही ओळ टाकून दिली. त्याच्या पुढच्याने 'धरलेलं नाही' याचं 'नगण्य' करून टाकलं. वीस वर्षं तेच चाललंय."

सरांनी ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग ते सावकाश म्हणाले, "पुण्याचा तो लेख मी चार वर्षं वर्गात शिकवतोय, खुर्शीदाबाई."

तिने अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मी कधी खाली पाहिलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत. आता पुढे काय?"

"मंडळात सांगेन. चूक आहे म्हणून."

"सांगा. पण लोक लगेच विचारतील, मग खरं किती? त्याला उत्तर हवं. त्या पडद्याआड मला जाता येणार नाही. पुण्याच्या प्राध्यापकांनाही नाही."

खुर्शीदाला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. वाचायचं एक, आणि आपणच मोजायचं, हे वेगळं.

डिसेंबरात रमजान ईद आली आणि तिला लागूनच नाताळची सुट्टी. खुर्शीदा मालेगावला निघाली. मामूचं गजराचं घड्याळ ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मोटार ओझर मागे टाकून चांदवडच्या घाटाला लागली तेव्हा हादऱ्याने घड्याळ वाजू लागलं, आणि सगळी मोटार मागे वळून बघू लागली.

अम्माला, गुलजारबीला, आधी वाटलं लेक आजारी होऊन आली. मग कळलं ती कांड्या मोजायला आली आहे.

"कांड्या कसल्या मोजतेस? लुगडं मोज. काम तर तुझे अब्बा करतात."

"आणि तू काय करतेस?"

"मी?" गुलजारबीने खरंच विचार केला. "मी घरात असते."

ईद झाल्यावर खुर्शीदाने रोज एक घर धरलं. सकाळी आठला घड्याळ घेऊन जायचं, बायकांत बसायचं आणि संध्याकाळी मगरिबची बांग होईपर्यंत वहीत लिहायचं: रहाटावर कोण बसलं, किती वेळ, ताणा लावताना कुणी उभे धागे धरले, तुटलेला धागा कुणी जोडला. पहिल्या घरी हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची हाजरा तर म्हणाली, "मी शिंकले तेही लिही गं, लियाकतच्या मुली!" पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर हसणं कमी झालं. रहाटावरून उठताना एखादी विचारायची, "किती झालं माझं?" सातव्या घरातल्या म्हाताऱ्या खाजाच्या बायकोने आपला आकडा दोनदा विचारून घेतला आणि ओसरीवरच्या नवऱ्याला पडद्यातूनच ऐकवला. माग क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

बारा घरं झाली. बेरीज खुर्शीदाने तीनदा केली, चौथ्यांदा अब्बांकडून करवून घेतली. पुरुषाने मागावर नऊ तास घातले तर आत बायका-मुलींचे साडेसहा तास पडत होते.

लियाकतने बेरजेखाली रेघ मारली. "मला वाटायचं, मी एकटाच विणतो," तो म्हणाला.

फेब्रुवारीत मंडळाची सभा भरली. खुर्शीदाची पाळी शेवटची होती. पहिली दोन वाक्यं बोलताना आवाज कापला. मग तिने समोरच्या मुलांना शफीमामू समजायचं ठरवलं आणि आवाज सरळ झाला. लेख, लेखामागचा लेख, त्यामागचा अहवाल, अहवालातली ती ओळ, आणि मग बारा घरं. ती थांबली तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीचे एकमेकांकडे बघत बसले.

चांदवडकडचा धोंडीराम उठला. वर्गात पहिला यायचा तो. "पाहणीत शंभर माग होते. तुमची बारा घरं, तीही ओळखीची. आम्ही बारा धरायचे की शंभर?"

हा प्रश्न तिने वहीच्या उजव्या बाजूला महिनाभरापूर्वीच लिहून ठेवला होता.

"शंभर जास्त आहेत, हे खरं," ती म्हणाली. "पण त्या शंभर घरांत पाहणी करणारे ओसरीवर होते. मी बारा घरांत आत होते. मी मालेगावचं बोलत नाही, बारा घरांचंच बोलते. उरलेल्या घरांतलं कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना त्याला नगण्य म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

धोंडीराम जरा ओशाळून, आपल्या गावच्या बोलीवर येत म्हणाला, "आमच्याकडं कांद्याची सगळी लावणी माझी आई करती. चतुराबाई. शेत कुणाचं म्हटलं तर बापाचं नाव सांगतो आम्ही." आणि तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी गायधनी सरांनी खुर्शीदाला बोलावून सांगितलं की याचं दोन पानी टिपण करून त्याच त्रैमासिकाकडे पाठवायचं, ज्यात पुण्याचा लेख आला होता. तिने ते सात वेळा लिहिलं. सर दर वेळी एखादं विशेषण काढून टाकायचे. "'घोर चूक' नको. नुसतं 'चूक' लिहा. आकडा तुमच्या बाजूने असताना ओरडायचं कशाला?"

एप्रिलात परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, खुर्शीदा दुसऱ्या वर्गात बी.ए. झाली. टिपणाचा पत्ता नव्हता. ती एका मुलींच्या शाळेत शिकवू लागली. आणि ऑक्टोबरात एका दुपारी यादव स्वतः, लायब्ररीचा डगला अंगात तसाच, काझीपुऱ्यात टांग्याच्या अड्ड्यावर येऊन उभे राहिले. खुर्शीदा शाळेतून नुकतीच परतून मामूपाशी उभी होती. यादवांच्या हातात नवा अंक होता.

"घरी न्यायला मनाई आहे ना?" शफीने विचारलं.

"हा गायधनी सरांनी विकत घेतलाय," यादव म्हणाले. "तुमच्या बाईंसाठी."

दोनशे सातव्या पानावर तिचं नाव होतं: मिस के. एल. मोमीन, नाशिक. दोन पानं, एक तक्ता, नऊ तळटिपा. आणि त्याखाली पुण्याच्या प्राध्यापकांचं उत्तर, मोजून पाच ओळी. मूळ अहवालातली तळटीप आपण स्वतः पाहिली नव्हती, दुसऱ्यावर विसंबून राहिलो. लेखिकेचा आक्षेप रास्त आहे. आणि घराच्या आतील कामाची पाहणी यापुढे स्त्रियांकडूनच करवून घ्यावी.

शफीने ते उत्तर अड्ड्यावर उभ्या उभ्या तिच्याकडून तीनदा सांगून घेतलं. मग त्याने घोडा जुंपला, यादवांना पुढे बसवलं, भाचीला मागे, आणि सगळ्या नाशकाला फेरी घातली. त्या दिवशी तो वाटेत ओरडला मात्र नाही. कुणी हात केला की नुसता हसायचा.

दिवाळीच्या सुट्टीत खुर्शीदा अंक घेऊन मालेगावला गेली. बाराही घरच्या बायका गुलजारबीच्या आतल्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. खुर्शीदाने सगळं टिपण घरच्या बोलीत सांगितलं. तक्त्यातलं सातवं घर आलं तेव्हा खाजाच्या बायकोने मान ताठ केली. हाजराने विचारलं, "आमची नावं का नाहीत?" आणि घरांना आकडे का दिले ते खुर्शीदाने समजावलं. सगळ्या खूश होत्या. एकटी गुलजारबी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

खुर्शीदाने अंक मांडीवर ठेवला.

"काय चुकलं, अम्मा?"

"खळ कुठाय यात? ताण्याला लावायची खळ. तांदूळ शिजवायचा, घोटायचा, फडक्यातून गाळायचा, तो पहाटे फजरच्या नमाजाआधी. तू घड्याळ घेऊन आठला यायचीस. तोवर आमची खळ होऊन भांडी घासून झालेली असायची."

लहानपणी काय नि सुट्टीत काय, अम्माने लेकीला पहाटे कधी उठवलंच नव्हतं. पाहणी करणारे ओसरीवर अडले होते, आणि ती आठ वाजण्यापाशी.

"किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"ते तू मोज. बी.ए. तू आहेस," गुलजारबी म्हणाली, आणि बायका हसल्या. पण खुर्शीदा हसली नाही. ती अम्माकडे बघत होती. या बाईला एक अक्षर येत नव्हतं, आणि तिने एकदा ऐकून छापील संशोधनातली नेमकी चूक काढली होती. जी गायधनी सरांना दिसली नाही, संपादकांना दिसली नाही, पुण्याला दिसली नाही. तिचा ऊर असा भरून आला, की स्वतःचं नाव छापून आलेलं पाहतानाही आला नव्हता.

पुढचे बारा दिवस गजर पहाटे चारचा लागला. दर घरी सरासरी सव्वा तास निघाला, कुठे थोडा कमी-अधिक.

दुरुस्ती पुढच्या एप्रिलच्या अंकात आली. पाचच ओळी. 'माझ्या मागील टिपणात खळ तयार करण्याचा वेळ धरलेला नव्हता. ही उणीव गुलजारबी लियाकत मोमीन, मालेगाव, यांनी दाखवून दिली. सुधारित आकडा पावणेआठ तास.'

खुर्शीदाने तो अंक मालेगावला नेला आणि अम्माचं बोट धरून त्या नावावर ठेवलं.

गुलजारबी वाकून बघत राहिली. "एवढंसं?"

"एवढंसंच असतं. पण आता ज्याला मालेगावच्या मागाबद्दल लिहायचंय, त्याला हे वाचावं लागेल."

गुलजारबीने बोट उचललं नाही. दुसऱ्या हाताने ओढणी सारखी केली आणि खिडकीतून शेजारी हाक मारली, "हाजरा, ये गं इकडे. आणि येताना आठव, तुझ्या घरातलं काय काय मोजायचं राहिलंय. माझी मुलगी लिहून घेतेय."